आरोग्य राज्यमंत्र्यांना निवेदन देऊन गावाला डॉक्टर मिळतो का?

तुम्ही विचारलंय की आरोग्य राज्यमंत्री चोपड्याला दौऱ्यावर येणार आहेत, सातपुड्याच्या पायथ्याच्या तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, तर त्यांना अधिकार किती असतात आणि निवेदन द्यावं का.

अधिकारांचं आधी सांगतो. शासनाच्या कार्यनियमावलीनुसार खातं कॅबिनेट मंत्र्यांचं. ते लेखी आदेशाने जे विषय सोपवतील तेवढेच राज्यमंत्र्यांचे. मंत्रिमंडळाच्या बैठकीलाही राज्यमंत्री बोलावल्याशिवाय बसत नाहीत. पण अधिवेशनात विधानसभा आणि परिषद एकाच वेळी चालू असतात, तेव्हा एका सभागृहात लक्षवेधीला किंवा तारांकित प्रश्नाला उत्तर द्यायला बरेचदा तेच उभे राहतात. तिथे दिलेलं आश्वासन नोंदलं जातं, आश्वासन समिती त्याचा हिशेब मागते. माझ्या मते त्यांच्या सहीपेक्षा ही ताकद मोठी आहे.

आता मुद्द्याचं. ‘मंत्रीले सांगी दिधं, आते काम व्हई जाई’ हे वाक्य मी पारावर इतक्यांदा ऐकलंय आणि त्यावर इतका भांडलोय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना. नुसतं सांगून काम होत नाही.

याच पट्ट्यातल्या एका केंद्राचा कागद घ्या. वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदं मंजूर, केंद्रात एकही डॉक्टर नाही. लोकांनी विश्रामगृहावर राज्यमंत्र्यांना निवेदन दिलं. त्यांनी वर शेरा मारला, ‘आयुक्त, आरोग्य सेवा – तपासून तातडीने कार्यवाही करावी’, खाली सही. पेपरात फोटो आला. मग तो कागद खासगी सचिवांकडून मंत्रालयात विभागाच्या कार्यासनात, म्हणजे त्या विषयाच्या टेबलावर गेला, तिथून आरोग्य भवनात, तिथून नाशिकच्या उपसंचालकांकडे, पुढे जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, मग तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, आणि शेवटी जिथून तक्रार निघाली त्याच केंद्रात, ‘वस्तुस्थितीदर्शक अहवाल सादर करावा’ म्हणून. डॉक्टर नसल्याने अहवाल तिथल्या औषध निर्माण अधिकाऱ्याने लिहिला. मंजूर दोन, भरलेलं एक, रिक्त एक, अतिरिक्त कार्यभार शेजारच्या केंद्राकडे, रुग्णसेवा सुरळीत. त्याच वाटेने तो वर गेला आणि गावाला उत्तर आलं: ‘पद भरलेले असल्याने प्रश्न उद्भवत नाही.’

उत्तर खोटं नव्हतं. भरलेल्या पदावरचा डॉक्टर प्रतिनियुक्तीवर तालुक्याच्या ठिकाणी होता. पगार केंद्रावर निघायचा, काम दुसरीकडे चालायचं. आठवड्यातून दोन दिवस शेजारचे डॉक्टर यायचे. पावसाळ्यात साप चावलेल्या माणसाला यातून काय मिळणार? विषप्रतिबंधक लशीच्या कुप्या फ्रिजमध्ये असतात, पण पहिला डोसच साधारण १० कुप्यांचा, आणि तो देताना रिअॅक्शन आली तर सावरायला डॉक्टर समोर लागतो. तो नसेल तर पेशंट पुढे पाठवतात आणि वेळ रस्त्यात जातो.

दुसऱ्या खेपेला गावातल्या पोरांनी माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज केला. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो. त्यांनी एवढंच मागितलं: गेल्या १२ महिन्यांची वेतन देयकं, हजेरीपत्रक आणि प्रतिनियुक्तीच्या आदेशाची प्रत. ती घेऊन आमदारांमार्फत राज्यमंत्र्यांच्या दालनात बैठक लावून घेतली. बैठकीत उपसंचालक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी समोर बसले असताना एकच प्रश्न विचारला गेला: ‘यांचा पगार कुठे निघतो आणि ते बसतात कुठे?’ प्रतिनियुक्ती रद्द झाली, कारण तो आदेश खालच्या पातळीवरचा होता आणि तो मागे घ्यायला मुंबईच्या फाईलची गरज नव्हती. शेरा फक्त कागद पुढे ढकलतो. बैठकीत जबाबदार माणसाला तोंडावर उत्तर द्यावं लागतं.

म्हणून तुम्ही ‘डॉक्टर द्या’ असं लिहूच नका. मंजूर पदं, रिक्त कधीपासून ती तारीख, प्रतिनियुक्ती किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेलं कुणी असेल तर त्याचा आदेश क्रमांक, उपकेंद्रं किती, महिन्याची बाह्यरुग्ण संख्या आणि प्रसूती लिहा. आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक केंद्र असा निकष आहे, तुमची लोकसंख्या जास्त असेल तर तेही टाका. मागणी मात्र एकच ठेवा: अमुक तारखेच्या आत बैठक आणि तिचं इतिवृत्त, म्हणजे तिथे काय ठरलं त्याची लेखी नोंद. २००५ च्या बदली व दप्तर दिरंगाई कायद्यात कोणाही कर्मचाऱ्याकडे फाईल ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं आहे. इतिवृत्त हातात असलं की ते कलम दाखवता येतं.

आणि कागद योग्य दारात टाका. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांचं, धुळे, जळगाव, नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं तर वेगळ्याच खात्याची. डॉ. विजयकुमार गावित आणि गिरीश महाजन वैद्यकीय शिक्षणमंत्री होते, त्यांना आपल्याकडे कित्येक जण आरोग्यमंत्रीच समजत आणि गावच्या केंद्राची गाऱ्हाणी तिकडे नेत.

एक मान्य करतो. पद खरोखरच रिकामं असेल तर यातलं फारसं चालणार नाही. वैद्यकीय अधिकारी गट-अ ची नेमणूक आणि बदली राज्यमंत्र्यांकडून होत नाही, बदल्याही साधारण एप्रिल-मेमध्येच होतात. तोवर राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी किंवा आदिवासी भागासाठीचा मानसेवी, म्हणजे मानधनावरचा डॉक्टर मागा, तेही जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. शिवाय प्रतिनियुक्ती रद्द झाली की दुसऱ्या कुठल्या तरी रुग्णालयातली खुर्ची रिकामी होते. तिथलेही पेशंट आपलेच आहेत.

दौऱ्याच्या गर्दीत दिलेल्या कागदाला आवक क्रमांक मिळत नाही. त्याच दिवशी दुसरी प्रत जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात द्या आणि तिसरीवर शिक्का, क्रमांक, तारीख घेऊन ती घरी ठेवा.