सुपारी फुटली, म्हणजे काय झालं?

प्रश्न : ताई, नातीचं लग्न ठरलं. 'सुपारी फुटली' असं मी फोनवर सांगितलं, तर मुंबईचा नातू दचकलाच. म्हणाला, 'आजी, सुपारी तर माणूस मारायला देतात!' आता हा शब्द बोलूच नये का?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, जरूर बोला. तुमचाच अर्थ जुना आहे.

माझे वडील जुन्नरकडे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. वधूपिता घरी यायचा, पानसुपारी आणि विसाराचे पैसे हातावर ठेवायचा. सुपारी घेतली की ती तारीख त्याची. मग दुसऱ्याने दुप्पट देऊ केले तरी वडील हलत नसत. तमाशातही हाच रिवाज. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेची सुपारी देतात. पूजेत गणपती म्हणून आपण सुपारीच मांडतो, तेव्हा तिच्या साक्षीनं दिलेला शब्द मोडायचा कसा?

मुंबईच्या टोळ्यांनी नेमकं हेच उचललं : काम ठरलेलं, रक्कम ठरलेली, थोडे पैसे आधी, आणि माघार नाही. फक्त वाजवण्याच्या जागी मारणं आलं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत गँगवॉरच्या बातम्यांतून हा अर्थ घराघरांत पोचला, आणि मुंबईत वाढलेल्या मुलांच्या कानावर तोच आधी पडला.

टोळ्यांची बरीचशी बोली अशीच बाजारातून आणि घरातून गेलेली आहे. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. आपल्याकडे पेटी आंब्याची किंवा भजनातली! खोका तर २०२२ साली 'पन्नास खोके, एकदम ओके' या घोषणेतून थेट विधानभवनाच्या पायऱ्यांवर पोचला. घोडा म्हणजे पिस्तूल. बंदुकीच्या चापाला मराठीत आधीपासूनच घोडा म्हणतात, त्यामुळे हे कोडं सोपं. हप्ता मात्र दोन्हीकडे सुखानं नांदतो : पतपेढीतही, फेरीवाल्याकडून होणाऱ्या वसुलीतही.

सुपारीचं तसं झालेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. परवा एका तरुण ढोलकीवाल्यानं मला 'पुढच्या महिन्यात तीन प्रोग्रॅम आहेत' असं सांगितलं. 'सुपाऱ्या' म्हणायला तो बिचकला. वडिलांच्या वहीत मात्र पानभर लिहिलेलं असायचं : 'वैशाख, सुपाऱ्या सात. ओतूरची घेतली.'

नातवाला साखरपुड्याला बोलवा आणि सुपारी त्याच्याच हातानं फोडून घ्या.