रोझमेरी म्हणजे तुळस नव्हे

प्रश्न : आमची बाल्कनी पश्चिमेची, पावसाची झड आत येते. केसांसाठी म्हणून रोझमेरी आणली. दोन वर्षांतलं हे तिसरं रोप. रोज सकाळी वाटीभर पाणी घालते. सासूबाई तुळशीला पाणी घालतात तेव्हा तांब्यात उरलेलं रोझमेरीलाच ओततात. पंधरा दिवसांपूर्वी शेंडे तपकिरी पडले म्हणून पाणी वाढवलं, तर आता खालची पानं काळी पडून गळताहेत. पाणी नक्की किती आणि केव्हा द्यायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तांब्यात उरलेल्या पाण्याचं तुम्ही ओघात लिहिलंत, पण माझा संशय तिथेच आहे. तुळशीला रोजचं पाणी मानवतं, रोझमेरीला तेच बाधतं. हिचं माहेर भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ उतारांवर. तिथे पाऊस पडतो हिवाळ्यात आणि उन्हाळा जातो कोरडा ठणठणीत. एक पान तोडून उलटं करून बघा. कडा आत मुडपलेल्या आणि मधल्या पन्हळीत पांढरट लव. ही सगळी पाणी राखायची सोय. आणि आपण तिला आणतो डोंबिवलीत, जिथे जुलैमध्ये पापड डब्यातल्या डब्यात सादळतात!

आता शेंड्यांचं. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढणार कसं? त्यामुळे कुंडी चिंब आणि झाड मात्र तहानलेलं. शेंडे वाळलेले बघून आपल्याला दया येते आणि आपण आणखी ओततो. जास्वंदीसारखी मान टाकून ही कधी सांगायचीही नाही. कोवळे शेंडे सोडले तर मरेपर्यंत ताठ.

माझंही पहिलं रोप असंच गेलं. कुंडी उपडी केली, तर भोवतीची माती छान भुसभुशीत आणि मधोमध नर्सरीतला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गड्डा जसाच्या तसा. मुठीत दाबला तर बोटांतून पाणी गळलं आणि मोरीसारखा वास आला. मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल हातात, आत नुसता दोरा. तेव्हापासून नवं रोप आणलं की तो गड्डा हलक्या हाताने अर्धा तरी मोकळा करून मगच लावतो.

आठवड्यातून किती वेळा, हे विचारू नका. कुंडी उचलून बघा. मी एकदा स्वयंपाकघरातला वजनकाटा गच्चीत नेला होता (घरात त्यावरून दोन दिवस ऐकून घेतलं). सहा इंची मातीची कुंडी कोरडी असताना १ किलो ९०० ग्रॅम, भरपूर पाणी दिल्यावर २ किलो ३५०. आता हाताला सवय झाली, काटा लागत नाही. तुम्ही सुरुवातीला बोट दोन पेरं मातीत खुपसा. गार, ओलसर लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडं लागलं तर मात्र वाटीभर शिंपडून थांबू नका. बुडाच्या भोकातून वाहीपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं लगेच ओतून टाका. पुण्यात माझ्या गच्चीवर मे महिन्यात दोन-तीन दिवसांनी पाणी लागतं. पावसाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या त्याच कुंडीला दहा-बारा दिवस हात लावत नाही. पानांवर फवारणी तर कोकणपट्टीच्या हवेत अजिबात नको.

कुंडी मातीचीच घ्या आणि झाडाच्या मानाने लहान. ‘पुढे वाढेल’ म्हणून बारा इंची कुंडीत एवढंसं रोप लावलं, तर मुळं न पोचलेली माती आठवडाभर ओली राहते. मी निम्मी बागेची माती, निम्मी जाड वाळू आणि विटांचा चुरा, वर मूठभर गांडूळखत घेतो. बांधकामावरची क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळूही चालते, पण चाळून तिची भुकटी काढून टाका, नाहीतर गारा होतो.

तुमचं रोप : बुडाशी नखाने साल खरवडा. हिरवं दिसलं तर गड्डा काढून काळी मुळं छाटा आणि वरच्या मिश्रणात लावा. तपकिरी दिसलं तर त्याचा नाद सोडा, पण वर हिरवे शेंडे उरले असतील तर आजच चार-चार इंचांचे तीन-चार तोडा. खालची निम्मी पानं काढून ओलसर जाड वाळूत खोचा, झड लागणार नाही अशा उजेडात ठेवा. महिन्याभरात हलकेच ओढून बघा, धरून बसले असतील तर मुळं फुटली. तोवर केसांसाठीचं रोझमेरीचं पाणी विसरा.

आणि सासूबाईंना काही सांगायला जाऊ नका. कुंडी तुळशीपासून उचलून बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या आडोशाला ठेवा, आणि तांब्याखाली कढीपत्त्याची कुंडी सरकवा.