व्हेनिसचं प्रवेशशुल्क युरोपियन युनियनने लावलंय का?

नाही, ते इटलीच्या कायद्याच्या आधारे व्हेनिस महापालिकेने लावलंय. युनियनच्या मूळ करारातलं कलम 195 वाचलं तर लक्षात येतं की पर्यटनात तिने फक्त सदस्य देशांना साथ द्यायची आहे, त्यांचे कायदे एकसारखे करायचे नाहीत. एप्रिल 2024 पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी, सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांकडून 5 युरो घेतात. 2025 पासून आयत्या वेळी भरल्यास 10. मुक्कामी पाहुण्यांना माफी आहे, पण ऑनलाइन नोंद करावीच लागते. मात्र युनियन अगदीच बाजूला नाही: अल्पकालीन भाड्याच्या घरांची माहिती ॲपवाल्या कंपन्यांनी सरकारी यंत्रणांना द्यावी, असा नियम तिने 2024 मध्ये केला. रहिवाशांना घरं मिळेनाशी झालेल्या शहरांसाठी माझ्या मते तोच जास्त मोलाचा.