मेंदूच्या आजारांवर भारतात होणाऱ्या संशोधनाला परदेशी पैसा का येतो? त्यात त्यांचा काय फायदा?

तुम्ही विचारलंय की डिमेन्शियासारख्या, म्हणजे स्मृती आणि समज ढासळत जाण्याच्या, आजारांच्या भारतातल्या अभ्यासाला अमेरिका पैसा का देते आणि आपलं सरकार काय करतं. अशा प्रकल्पांमध्ये मी आधी चार वर्षं दारोदार फिरून मुलाखती घेतल्या, आता हिशेब बघते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू माहीत आहेत.

फायदा त्यांचा आहेच, आणि तो कुणी लपवतही नाही. 1990च्या दशकात पिट्सबर्ग विद्यापीठाच्या डॉ. मेरी गांगुली आणि दिल्लीचे डॉ. विजय चंद्रा यांच्या गटाने हरियाणात बल्लभगडजवळच्या 28 गावांत म्हाताऱ्या माणसांची स्मृती तपासली. पैसा अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा, म्हणजे एनआयएचचा. दोन्हीकडच्या वयांतला फरक हिशेबात जुळवून घेतल्यावर पासष्टीपुढच्या हजार माणसांमागे वर्षाला अल्झायमरचे (हा डिमेन्शियाचाच एक प्रकार) नवे रुग्ण निघाले 4.7. त्याच पद्धतीने अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियाच्या मोनोंगाहेला खोऱ्यात मोजले तर 17.5. हा फरक आयुष्यमानामुळे, आहारामुळे, जनुकांमुळे की आपल्याकडे म्हाताऱ्यांचं विसरणं कुणी आजार धरतच नाही म्हणून? नुसत्या पेन्सिल्व्हेनियात बसून हा प्रश्न पडलाही नसता.

पण मला त्या अभ्यासातली वेगळीच गोष्ट मोठी वाटते. तिथले तीन चतुर्थांशाच्या आसपास लोक निरक्षर होते. स्मृतीची नेहमीची चाचणी म्हणजे कागदावरची ओळ वाचा आणि तसं करा, एक वाक्य लिहा. मग त्यांनी चाचणीच नव्याने बांधली. ‘डोळे मिटा’ ही ओळ वाचायला देण्याऐवजी ‘माझ्याकडे बघा, मी करतो तसं करा’. वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगा. असल्या कामाला महिनोन्महिने जातात, आणि चाचणी नीट बसवण्यात गेलेल्या महिन्यांना पैसे द्यायला कुणी सहजी तयार नसतं. एनआयएचचं फोगार्टी सेंटर मेंदूच्या विकारांसाठी जी अनुदानं देत आलंय, त्यात दोन वर्षांचं छोटं अनुदान असायचं ते अशाच पूर्वतयारीसाठी. अर्ज दोन्ही देशांतल्या संशोधकांनी मिळून करायचा.

याची किंमत मला जुन्नरकडच्या एका आजींनी शिकवली. ‘आजी, आज तारीख काय?’
‘तारखेचं काय मला! दशमी आज. उद्या एकादशी, साबुदाणा भिजत घालायचाय.’
वार बरोबर, तिथी बरोबर, महिना ज्येष्ठ. माझ्या छापील तक्त्यात तारीख चूक आणि महिना चूक, दोन्हीला शून्य. तो तक्ता मुंबईतल्या कॉलेज शिकलेल्या माणसांवर तपासलेला होता. नोंदीत मी शेरा मारला, पण शेऱ्याला गुण नसतात.

आपलं सरकार काहीच देत नाही असं नाही. मुंबईत देवनारला लोकसंख्येचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाबरोबर ‘लासी’ हे पंचेचाळिशीपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार अशा 72 हजारांहून जास्त जणांचं सर्वेक्षण केलं. त्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचाही पैसा आहे, अमेरिकेचाही आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचाही. त्यातल्याच साठीपुढच्या चार हजारांवर लोकांची एम्सने आणि त्याच कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाने डिमेन्शियासाठी बारकाईने तपासणी केली. साठीपुढच्यांत 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया, हा आकडा तिथून आला. बायकांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त.

हिशेबाच्या टेबलावरून मात्र चित्र एवढं गोड दिसत नाही. परदेशी सहकार्य असलेल्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ती असावीच, रक्ताचे नमुने कुठे जातात यावर कुणाचं तरी लक्ष हवं. पण 2020च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएखाली, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, आलेला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे गावात काम करणारी छोटी संस्था मोठीच्या आडोशाने उभी असेल तर तिची पंचाईत. आणि 1 मे 2025 ला एनआयएचने उलट बाजूने दार लोटलं: अमेरिकी विद्यापीठाने आपल्या अनुदानातला वाटा परदेशी संस्थेला द्यायची जुनी रीत थांबवली, नवी व्यवस्था लावेपर्यंत. आमच्यासारख्यांचे पगार बहुधा त्याच वाटणीतून निघायचे.

आमच्या त्या जुन्या प्रकल्पाची दुसरी फेरी वर्षाने व्हायची होती. दोन संस्थांमधला करार सहीविना पडून राहिला, शिकवून तयार केलेली तीन मुलं विमा कंपन्यांत गेली, आणि आम्ही दीड वर्ष उशिरा पोचलो. आजी तोवर मुलाकडे भोसरीला राहायला गेल्या होत्या. शेजारणीकडे फोन नंबर नव्हता. फॉर्मवर मी ‘संपर्क नाही’ असं लिहिलं.