हाडं हातात नाहीत, स्क्रीनवर आहेत. चालेल का?

प्रश्न: मी पुरातत्त्वाच्या एमएला आहे, प्राण्यांच्या हाडांवर काम करायचंय पण आमच्या विभागात तुलनेसाठी सांगाड्यांचा संग्रहच नाही. नेटवरची थ्रीडी मॉडेल्स बघून शिकलं तर चालेल का? शेळी-मेंढीतच गोंधळ होतोय.

उत्तर: चालेल, आणि सुरुवात तिथूनच करा, संग्रह मिळेपर्यंत थांबून बसू नका. मॉर्फोसोर्स, स्केचफॅब अशा वेबसाइटवर स्कॅन केलेली हाडं मिळतात, माऊसने फिरवून खालून वरून बघता येतात, जे पुस्तकातल्या चित्रात कधीच जमत नाही. आणि खरं सांगायचं तर नाजूक नमुना शंभर विद्यार्थ्यांच्या हातातून गेला की झिजतो, मॉडेल झिजत नाही.

पण एक सवय आत्ताच लावून घ्या. उत्खननात अख्खं हाड क्वचितच येतं, येतो तो तुकडा, आणि मॉडेल मात्र छान पूर्ण असतं, त्यामुळे स्क्रीनवर सगळं ओळखू येतं आणि टेबलावर काहीच येत नाही असं होतं. म्हणून मॉडेल झूम करून फक्त एक टोक ठेवा, बाकी कागदाने झाका आणि मग ओळखा. हाड डाव्या बाजूचं की उजव्या, हेही रोज ओळखा. काही फोटो आणि स्कॅन उलटे, म्हणजे आरशातल्यासारखे झालेले असतात, तेव्हा बाजूची खात्री दुसऱ्या स्रोतावरून करा.

शेळी-मेंढीचा गोंधळ सगळ्यांचाच होतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बोसनेक हे जर्मन संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये यातले फरक हाडागणिक मांडले, आजही लोक तिथूनच सुरू करतात. पुढच्या पायाचं मेटाकार्पल, म्हणजे खुराच्या वरच्या बाजूचं लांब हाड, बघा, शेळीचं सहसा आखूड आणि रुंद, मेंढीचं लांब आणि सडपातळ. पण एकाच खुणेवर निकाल देऊ नका, जनावराचं वय, लिंग, जात याने आकार बदलतो आणि नेटवर बहुतेक वेळा एकाच जनावराचं हाड असतं. लहान पिल्लाची हाडाची टोकं तर जुळलेलीच नसतात, ती वेगळी पडलेली मिळतात, असे नमुने मुद्दाम शोधा.

मोजमापं घेणार असाल तर मॉडेलला स्केल आहे का ते आधी बघा, नसेल तर ते फक्त आकार शिकायला. मोजायचे बिंदू अँजेला फॉन डेन ड्रीश यांनी १९७६ मध्ये ठरवून दिलेत तेच वापरा, नाहीतर तुमचे आकडे दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी जुळवता येणार नाहीत.

वजन, कापल्याच्या बारीक खुणा, जळलेल्या हाडाचा पोत हे हाताला आणि भिंगालाच कळतं, त्यासाठी वर्षातून दोन आठवडे तरी कुठल्या खऱ्या संग्रहात बसायची परवानगी मिळवाच. आणि तुकड्यावरून ठरत नसेल तर नोंदीत सरळ 'शेळी/मेंढी' लिहा, आम्ही सगळे लिहितो. अगदीच गरज असेल तर हाडातल्या कोलॅजन या प्रथिनावरून, झूएमएस नावाच्या पद्धतीने, दोन्ही वेगळे करता येतात.