‘बेपत्ता’ की ‘परागंदा’?

टोकियोत घडणाऱ्या एका कथेचा अनुवाद करणाऱ्या वाचकाची विचारणा आहे. समोरच्या फलाटावर रोज दिसणारा एक अनोळखी माणूस एके दिवसापासून येईनासा होतो आणि एकाकी निवेदक त्याला शोधत शहरभर हिंडतो. जपानी मजकुरात या नाहीशा होण्याला ‘जोहात्सु’ म्हटले आहे. मराठीत ‘लापता’ लिहावे की ‘बेपत्ता’?

‘लापता’ मुळीच नको. हिंदी वाहिन्यांवरून तो आपल्या बातम्यांत शिरला आहे आणि ऐकून ऐकून कान किटले आहेत. ‘बेपत्ता’ रुळलेला आहे खरा, पण तो तक्रार नोंदवायला आलेल्या नातेवाइकांचा शब्द आहे. त्या अर्थाने जपानी पोलिसांच्या दप्तरी ‘युकुए फुमेई’, म्हणजे ‘गेल्याची दिशा अस्पष्ट’, हा शब्द वेगळा आहेच, आणि तशा नोंदी तेथे वर्षाला 80,000 हून अधिक होतात.

‘जोहात्सु’ म्हणजे शब्दशः बाष्पीभवन. त्यातील पहिले चिन्ह वाफेचे. वाटीत वाफवलेल्या अंड्याच्या ‘चावानमुशी’ या पदार्थाच्या नावातही तेच असते. कर्ज, गेलेली नोकरी किंवा मोडलेला संसार यांची लाज असह्य झाली की माणूस आपणहून निघून जातो. कोणी तर ‘योनिगेया’ला, म्हणजे रातोरात बिऱ्हाड हलवून देणाऱ्या धंदेवाइकाला, पैसे मोजून जातो.

अशा माणसासाठी मराठीत जुना, घोटीव शब्द आहे: परागंदा. सारा भरता येईना आणि सावकार दारातून हलेना, की कुळे रातोरात परमुलखात जात. गाव बेचिराख झाले आणि रयत परागंदा झाली, ही जुन्या मराठी कागदांची भाषा आहे. फारसीत ‘परागंदन’ म्हणजे विखुरणे, आणि ‘परागंदा’ म्हणजे विखुरलेला. फारसीने येथे उधळलेले धान्य पाहिले असावे, जपानीने विरणारी वाफ पाहिली, आणि दोन्हींच्या मुळाशी बहुधा थकलेले देणे निघते, याचा मला वर्षानुवर्षे अचंबा वाटत आला आहे. या शब्दात संस्कृत ‘परा’ आणि ‘गंध’ शोधून ‘परागंधा’ लिहिणारे शुद्धिप्रेमीही भेटतात. त्यांनी पराग खुशाल हुंगावा, पण एकदा तरी फारसी कोश उघडावा. ‘फरार’ही येथे चालणार नाही, कारण त्याच्या मागे शिपाई धावत असतो.

राहिला आपला निवेदक. ज्याचे नावही त्याला ठाऊक नव्हते, त्याचा पत्ता हरवला असे तो कोणत्या तोंडाने म्हणेल? तो माणूस परागंदा झाला, हेही त्याला फार तर शेवटच्या पानांत, टोकियोच्या सान्या भागातील रोजंदारी मजुरांच्या स्वस्त खोल्या धुंडाळताना कळू शकेल. (त्या खोल्यांना ‘दोया’ म्हणतात; ‘यादो’, म्हणजे पांथनिवास, हा शब्द उलटा करून तो झाला आहे, तेव्हा तेथे ‘धर्मशाळा’ लिहू नये.) तोवर निवेदकाच्या तोंडी ‘दिसेनासा झाला’ एवढेच असू द्यावे. ‘दिसेना’ला ‘सा’ लागून झालेल्या या रूपात जाणाऱ्याविषयी काहीच कळत नाही. कळते ते इतकेच, की फलाटावर कोणीतरी रोज पाहत होते.