पहिल्या महायुद्धात अमेरिकेत युद्धाविरुद्ध बोललं म्हणून खरंच तुरुंगात टाकायचे का? मग घटनेतल्या मतस्वातंत्र्याचं काय?

हो, टाकायचे. एखाद-दोन रात्री कोठडीत नव्हे, दहा-दहा वर्षांसाठी.

१९१६ ची निवडणूक अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं’ या घोषणेवर लढवली आणि जिंकली. पाच महिन्यांत, एप्रिल १९१७ मध्ये, अमेरिका युद्धात उतरली. काल ज्या बोलण्यावर मतं मिळाली, ते आज बोलणारा संशयित ठरला. जूनमध्ये हेरगिरीविरोधी कायदा आला. मे १९१८ मध्ये त्याला राजद्रोहाचं शेपूट जोडलं: सरकार, घटना, झेंडा, अगदी सैन्याचा गणवेश, यांबद्दल अपमानकारक बोललात तर वीस वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडे ‘केसरी’तल्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षं झाली, पण ते सरकार परकं होतं. हे तर लोकांनीच निवडलेलं!

यूजीन डेब्ज यांचं उदाहरण घ्या. रेल्वे कामगारांच्या चळवळीतून आलेले, समाजवादी पक्षाचे सर्वांत मोठे नेते. १६ जून १९१८ ला ओहायोतल्या कँटन गावात त्यांनी भाषण केलं. युद्ध पुकारतात वरचे आणि मरतात खालचे, असा त्याचा सूर. ‘मला फार जपून बोललं पाहिजे’ असंही त्यांनी त्याच भाषणात सांगितलं. सरकारी लघुलेखक लिहून घेत होताच. शिक्षा: दहा वर्षं. मार्च १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. युद्ध थांबून तेव्हा चार महिने झाले होते. तुमच्या घटनेच्या प्रश्नाचं उत्तर या निकालात आहे: कलम जागेवरच होतं, त्याच्या आधारे सोडायला एकही न्यायाधीश तयार नव्हता.

डेब्ज यांनी १९२० ची अध्यक्षपदाची निवडणूक अटलांटाच्या तुरुंगातून लढवली. ‘कैदी क्रमांक ९६५३’ असे बिल्ले छापले गेले आणि नऊ लाखांहून जास्त मतं पडली. विल्सन यांनी शेवटपर्यंत माफी दिली नाही. डेब्ज यांची सुटका १९२१ च्या नाताळात नवे अध्यक्ष हार्डिंग यांनी केली. रिपब्लिकन माणूस, पण त्यांना व्हाइट हाउसमध्ये भेटायलाही बोलावलं.

मला मात्र कायद्यापेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांची जास्त भीती वाटते. शत्रू जर्मनी, म्हणून जर्मन पद्धतीच्या आंबवलेल्या कोबीला लोक ‘लिबर्टी कॅबेज’ (स्वातंत्र्य-कोबी) म्हणू लागले, इथवर हसू येतं. आयोवाच्या गव्हर्नरने शाळेत, चर्चमध्ये, रेल्वेत, टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज भाषा नको असं फर्मान काढलं. इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलमध्ये एप्रिल १९१८ मध्ये जमावाने रॉबर्ट प्रेगर या जर्मन स्थलांतरिताला झाडाला फाशी दिलं. अकरा जणांवर खटला झाला, अकराही निर्दोष सुटले.

युद्ध संपलं तेव्हा ही हवा निवळली नाही, जर्मनांच्या जागी ‘लाल’ म्हणजे कम्युनिस्ट आणि इतर डावे आले. जून १९१९ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल पामर यांच्या घरावर बॉम्बहल्ला झाला. त्यानंतर देशभर छापे पडले, हजारो स्थलांतरित पकडले गेले. या कामाची सूत्रं चोवीस वर्षांच्या जे. एडगर हूवरकडे (पुढे एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचा प्रमुख) होती. १ मे १९२० ला उठाव होणार, अशी हाकाटी पामर यांनी केली. तो दिवस आला नि गेला, काहीही झालं नाही, आणि त्यांचं हसं झालं.

राजद्रोहाचं ते शेपूट डिसेंबर १९२० मध्ये रद्द झालं. १९१७ चा मूळ कायदा अजून आहे. सरकारी पाळतीची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनवर २०१३ मध्ये लावलेल्या तीन आरोपांपैकी दोन त्यातलेच.